चौथा भाग मागवावा काय?

आवडतं पुस्तक कोणतं असं मला कुणी विचारलं, की मी एका ओताऱ्याच्या मुलीची आणि एका मुक्या गंधर्वाची पाच भागांतली कादंबरी सांगते. मग समोरचे गृहस्थ चष्मा पुसायला घेतात. काहीजण समजूतदारपणे हसतात आणि म्हणतात, हो हो, त्या वयात सगळेच असलं वाचतात. त्यांना मी सांगते, की मागच्याच पावसाळ्यात पुन्हा वाचली आणि दुसऱ्या भागातल्या तळ्याकाठच्या प्रसंगाला याही वेळी माझा चहा गार झाला. माझं वय सत्तेचाळीस. त्या वयात म्हणजे कोणत्या वयात, ते त्यांनीच ठरवावं.

मोठी, नावाजलेली पुस्तकंही मी वाचली आहेत. ती माझ्या कपाटात मागच्या ओळीत असतात. पुढच्या ओळीत हे पाच भाग. पाठीवरचं कापड उसवलेलं, कोपरे कुरतडलेले, तिसऱ्या भागावर तेलकट अंगठ्याचा डाग. पाहुणे आले की मी मुद्दाम त्या कपाटासमोरची खुर्ची देते.

कारण ज्या पुस्तकासाठी माझी आई भर सभेत उभी राहिली, ते मी कुणाच्या चष्म्यासाठी मागे सरकवणार नाही. आई सभेत उभी राहिली, याचं कारण मी. माझ्याच हातून घोळ झाला होता.

साठ सालच्या आगेमागची गोष्ट. आम्ही बंगळूरला मल्लेश्वरमात राहत होतो. आमचं घराणं मराठी, पण तीनशे वर्षांपासून इथलं. कुणा सरदाराच्या मागून कोणी एक पूर्वज इकडे आला आणि परत जायचं विसरला, एवढाच आमचा इतिहास. घरात मराठी बोलायचो, पण ती आमची मराठी. वडिलांना अण्णा, आईला अम्मा, मोठ्या काकूला दोड्डम्मा. भाजीत मीठ ‘स्वल्प’ घालायचं आणि कुठलीही गोष्ट पटली की ‘सरी’ म्हणायचं. लिहायची वेळ आली, की सगळे कन्नड अक्षरांत लिहीत. अम्मा म्हैसूरच्या मावशीला पत्र लिहायची ते मराठीत, पण अक्षरं सगळी कन्नड, गोल गोल, जिलब्यांसारखी. धोब्याची यादीही तशीच. अम्मा चौथीपर्यंत कन्नड शाळेत गेलेली. मराठी पुस्तकाचं पान तिच्यासमोर धरलं, तर तिला ते वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखं दिसे. तिचेच शब्द आहेत हे.

मला मात्र शाळेत हिंदी होतं. हिंदीची अक्षरं आणि मराठी पुस्तकांची अक्षरं एकच आहेत, हा शोध मला तेराव्या वर्षी लागला आणि त्या दिवसापासून घरातली मराठी वाचणारी मी झाले. अण्णांना वाचता येत असे, पण ते इंग्रजी वर्तमानपत्रापलीकडे जात नसत. त्यांचा उपयोग एवढाच, की चिकपेटेतल्या मराठी मंडळाचे ते सभासद होते.

मंडळ म्हणजे कापडदुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. एका खोलीत सतरंजी आणि पेटी, दुसऱ्या खोलीत वाचनालय. आमच्यासारखी जुनी घराणी आणि नव्या सरकारी कारखान्यांत, प्रयोगशाळांत नोकरीला आलेली पुण्या-मुंबईकडची मंडळी, असे दोन्ही प्रकारचे लोक तिथे येत. अध्यक्ष आमच्यातले, एक म्हातारे वकील, सभेत निम्मा वेळ डोळे मिटून बसणारे. कार्यवाह त्यांच्यातले. पुण्याचे, इंजिनियर, तिशीतले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. वाचनालय तेच बघत. या नव्या मंडळींना आमची मराठी ऐकून गंमत वाटे. मी पहिल्यांदा पुस्तक मागायला गेले आणि म्हटलं, स्वल्प वरचं पुस्तक काढून देता का, तेव्हा कार्यवाहांनी पुस्तक काढून दिलं आणि हळूच वहीत काहीतरी टिपून घेतलं. माझी खात्री आहे की ‘स्वल्प’ टिपून घेतलं.

त्या वाचनालयाची एक रीत होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून एक कागद चिकटवलेला असे. वाचून झालं की सभासद क्रमांक टाकून त्यावर चार ओळी अभिप्राय लिहायचा. पुस्तक मालिकेतलं असेल तर शेवटी आणखी एक रकाना: ‘पुढील भाग मागवावा काय?’ तिथे ‘हवा’ किंवा ‘नको’. तीन ‘नको’ पडले, की पुढचा भाग पुण्याहून येत नसे. लिहायचं शाईने. लिहिलेलं खोडायचं नाही. मला ही रीत फार आवडे. सोळा वर्षांच्या मुलीला तिचं मत शाईने मांडायला सांगणारी दुसरी जागा त्या वेळी मला तरी माहीत नव्हती.

आता कादंबरी. एका डोंगराळ राज्यात घंटा ओतणारा एक ओतारी असतो. तो मरतो, आणि त्याची मुलगी भट्टी स्वतः चालवायला लागते. एक दिवस तिच्या अंगणात एक देखणा मुका तरुण येतो. तो गंधर्व. त्याचा आवाज शापाने काढून घेतलेला. तिने स्वतः ओतलेली घंटा वाजली, की त्याला एक वाक्य बोलता येतं. एका नव्या घंटेला एकच वाक्य. झालं. ती घंटा ओतत राहते आणि तो वाक्यं बोलत राहतो. पहिल्या भागात त्याची एकूण अकरा वाक्यं आहेत. मी अकराही अजून म्हणून दाखवू शकते, पण कुणी विचारत नाही.

थंडीच्या दिवसांत आमच्याकडे दुपारी अवरेकाळूचं काम चाले. अवरेकाळू म्हणजे आमच्या इकडचे पावटे. भिजवलेला दाणा दोन बोटांत धरून दाबला, की साल हातात राहतं आणि डाळ टुणकन पातेल्यात उडते. घरभर माणसांना पुरेल एवढी डाळ काढायची तर तीन बायकांची दुपार जाते. अम्मा, दोड्डम्मा आणि शेजारची अक्का, अशा तिघी गोल करून बसत. अक्का मूळची तुमकूरकडची, पूर्ण कन्नड, पण आमच्या भिंतीला भिंत लावून बावीस वर्षं राहिलेली. तिला मराठी सगळं समजे, बोलायची मात्र कन्नडच. मी पाटावर बसून वाचायची.

एका घंटेला एकच वाक्य हे ऐकल्यावर दोड्डम्मा म्हणाली, की ही व्यवस्था चांगली आहे, पुरुषांना एवढंच पुरे. अक्काचं मत अगदी उलट होतं. तिचे यजमान दिवसाला एक वाक्यही बोलत नसत.

दुसऱ्या भागात तो तळ्याकाठचा प्रसंग आला. मी पान आधी नजरेखालून घातलं, कान तापले, आणि मी शांतपणे दोन पानं एकदम उलटून पुढे वाचायला लागले. अम्माचे हात थांबले नाहीत. डाळ उडवत तिने विचारलं, “पान चिकटलंय का ग? वाफेवर धर, सुटेल.” मग मी मागे जाऊन ती दोन पानं वाचली, सुतकातल्यासारख्या आवाजात. तिघींच्या पातेल्यात तेवढा वेळ एक दाणा पडला नाही.

तिसरा भाग आला तो मार्गशीर्षात. मी तो वाटेतच, लाल बसमध्ये उभ्याने, वाचायला सुरुवात केली आणि मल्लेश्वरम येईपर्यंत माझी नायिका दगड झाली. एका चेटकिणीने फुंकर मारली आणि ती भट्टीपुढे उभ्याची उभी पाषाण. मला वाटलं, दोन-चार पानांचा प्रश्न आहे. मग दुपारच्या बैठका सुरू झाल्या. पहिल्या दिवशी ती दगड. दुसऱ्या दिवशी दगड. गंधर्व रानोमाळ फिरतो, एका रानडुकराशी लढतो, वाटेत भेटेल त्याच्यापुढे रडतो. येणारे-जाणारे राजे तिच्या मूर्तीसमोर थांबून म्हणतात, काय हे लावण्य. दोनशे पानं. ज्या मुलीने पहिल्या भागात तापलेलं पितळ स्वतःच्या हाताने ओतलं, तिला आता काही काम नाही, फक्त सुंदर दिसायचं.

मी संतापले. शेवटची चार पानं उरली होती, ती उद्या वाचायची असं ठरलं होतं. बायका उठून गेल्यावर मी अण्णांचं पेन घेतलं, पुस्तक मागून उघडलं आणि अण्णांचा क्रमांक टाकून लिहिलं: “नायिका सुरुवातीलाच दगड होते आणि पुढे सगळे तिची तारीफ करतात. बहुधा लेखकही दगड झाला असावा. असलं पुस्तक मागवून काय उपयोग?” आणि शेवटच्या रकान्यात, कागद फाटेल इतकं दाबून, “नको.” वर कुणी काय लिहिलं आहे तेही मी पाहिलं नाही. रागात माणूस वर बघत नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटची चार पानं वाचली. गंधर्व परत येतो. घंटा नाही, त्यामुळे बोलता येत नाही. तो मूर्तीपुढे बसतो, त्याच्या डोळ्यांतून एक अश्रू तिच्या हातावर पडतो आणि तिची करंगळी हलते. भाग समाप्त. अक्काने तोंडावर पदर धरला. दोड्डम्मा म्हणाली, सोमवारीच चौथा घेऊन ये. अम्माने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी सोमवारची वाट न बघता शनिवारीच मंडळात गेले.

कार्यवाहांनी तिसरा भाग परत घेतला, मागचा पुठ्ठा उघडला आणि टेबलावर माझ्याकडे वळवला. एकाखाली एक तीन ‘नको’ होते. पहिला त्यांचा स्वतःचा: “दहा पाने चाळली. अभिरुचीहीन. नको.” दुसरा त्यांच्याच ऑफिसातल्या एका गृहस्थांचा, “वरीलप्रमाणे.” तिसरा माझा.

मी सांगून पाहिलं, की माझा ‘नको’ त्या अर्थाचा नाही. मी रागावले होते ती पुस्तक आवडतं म्हणून. ज्याचं पुस्तकावर प्रेम नाही तो दगडावर चार ओळी कशाला लिहील? कार्यवाह सौम्यपणे म्हणाले, की रकान्यात प्रेमाला जागा नाही. मंडळ लोकांची अभिरुची घडवण्यासाठी आहे, गंधर्व पुरवण्यासाठी नाही. पुण्याला पाठवायची यादी संक्रांतीच्या सभेत नक्की होणार, आणि तिच्यात चौथा भाग नसणार. मग नियमांची वही उघडून, बहुधा माझ्या तोंडाकडे बघून दया आल्यामुळे, त्यांनी एक पोटनियम वाचून दाखवला: तीन नव्या वाचकांनी सभेपूर्वी स्वतःच्या हाताने, मराठीत, लेखी मागणी केली, तर फेरविचार होऊ शकतो. माझं मत लिहून झालं होतं, ते चालणार नव्हतं. आणि ही मालिका मंडळात दुसरं कुणी वाचत नव्हतं. त्यांना ते ठाऊक होतं. म्हणून तर पोटनियम वाचून दाखवला.

घरी येऊन मी अम्माला खरं सांगितलं. माझ्याच हाताने मी चौथा भाग बंद केला होता. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती एळ्ळु-बेल्लाची तयारी करत होती. संक्रांतीला आमच्याकडे तिळाबरोबर गूळ आणि सुकं खोबरं बारीक चौकोनी कापून घालतात. अडकित्त्याने खोबरं कापता कापता तिने एक वाटी भरली. शेवटी म्हणाली, “बोट हललंय तिचं. आता तिला तशीच उभी ठेवायची?”

मी म्हटलं, तीन वाचक हवेत. स्वतःच्या हाताने लिहिणारे.

“आम्ही तिघी काय दाणे सोलायला बसलो होतो?”

खरं तर दाणे सोलायलाच बसल्या होत्या. मी म्हटलं, अम्मा, तुम्हाला मराठी लिहिता येत नाही. तिने अडकित्ता खाली ठेवला. म्हैसूरच्या मावशीला मी काय चिनी लिहिते का, असं तिने विचारलं, आणि मला अण्णांचं पेन आणायला पाठवलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सभा झाली. सतरंजीवर एका बाजूला नवी मंडळी, त्यांच्या बायका तिळगुळाच्या वड्या घेऊन. दुसऱ्या बाजूला आमच्यातली जुनी मंडळी, एळ्ळु-बेल्लाच्या पुड्या घेऊन. अण्णा माझ्या शेजारी बसले होते आणि आपण या बायकांना ओळखत नाही असा चेहरा करून छताकडे बघत होते. अम्मा, दोड्डम्मा आणि अक्का पहिल्या रांगेत. अक्का त्या माडीवर आयुष्यात पहिल्यांदा चढली होती. तिने लग्नातली साडी नेसली होती.

यादीचा विषय निघाला तेव्हा अम्मा उठली आणि तिने तीन कागद कार्यवाहांपुढे ठेवले. त्यांनी पहिला उघडला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“वहिनी, हे कन्नड आहे. नियमात मराठी म्हटलं आहे.”

“मराठीच आहे,” अम्मा म्हणाली. “अक्षरं कन्नड आहेत. वाचा, समजेल.”

आता ते वाचणार कसे? चार वर्षं बंगळुरात काढूनही त्यांना बसवरची पाटी वाचता येत नव्हती. ते बसचा क्रमांक पाठ करत. नव्या मंडळींत कुणालाच ती अक्षरं येत नव्हती. मागून एक जण म्हणाला, हे नियमाच्या पलीकडचं आहे. आमच्यातले दोघं-तिघं म्हणाले, नियमात भाषा लिहिली आहे, अक्षर कुठे लिहिलंय? कार्यवाहांनी दुसरा मुद्दा काढला. नियमात ‘वाचक’ असा शब्द आहे. या तिघींनी पुस्तक वाचलेलंच नाही, नुसतं ऐकलं आहे.

अम्माने पदर खोचला. आमच्या घरात हे चिन्ह ओळखणारे छताकडून नजर खाली आणतात, अण्णांनी आणली.

“मंडळात कीर्तन होतं तेव्हा तुम्ही सगळे समोर बसून ऐकताच ना? पोथी तर बुवांच्याच हातात असते. मग घरी जाताना पुण्य फक्त बुवाच घेऊन जातात का?”

मागच्या रांगांत हसू फुटलं. अध्यक्षांनी डोळे उघडले. ते म्हणाले, कागद वाचून होऊ देत, मग बघू. वाचायला मला उभं केलं, कारण दोन्हीकडची अक्षरं येणारी आणि अजून लग्न व्हायचं असल्यामुळे सगळ्यांना घाबरणारी अशी मीच होते. दुसरी समजूत चुकीची होती.

पहिला कागद दोड्डम्माचा. तिने लिहिलं होतं, की मुलगी भट्टी चालवते तोवर पुस्तक चांगलं आहे. लेखकाला पुढचं सुचेना म्हणून त्याने तिला दगड केलं, हे मूल रडतं म्हणून त्याला कोंडून ठेवण्यासारखं झालं. आता कडी निघाली आहे. मूल बाहेर येऊ द्या. चौथा हवा.

दुसरा कागद अक्काचा. मी उघडला. अक्काने कन्नड अक्षरांत मराठी लिहिलं नव्हतं. तिने सरळ कन्नडच लिहिलं होतं. तिला बिचारीला काय ठाऊक. आमचे कागद तिने पाहिले ते तसेच दिसले, म्हणून तिने तिच्या भाषेत लिहून टाकलं. समोर सभा, शेजारी कार्यवाह, आणि त्यांनी आता खिशातलं एक पेन काढून टोपण उघडलेलं.

मी एक श्वास घेतला आणि कन्नड कागदावर नजर ठेवून मराठी वाचायला लागले. आयुष्यात पुढे मी पुष्कळ सभा गाजवल्या, पण तशी कधीच नाही. एक शब्द अडखळले नाही. अक्काने लिहिलं होतं: “माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. घरातल्या माणसाचं एक वाक्य ऐकायला मीही पुष्कळ घंटा वाजवल्या. या मुलीला निदान उत्तर मिळतं. पुढे तिला काय मिळालं ते मला कळलं पाहिजे. एवढं कळलं तर पुरे.”

शेवटच्या ओळीला माझा आवाज स्वल्प हलला. नव्या मंडळींतल्या एका बाईने मान खाली घातली. कार्यवाहांना काहीतरी खटकलं होतं. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, त्यांना काही कळलं नाही, आणि त्यांनी तो अध्यक्षांना दिला. कागद बरोबर वाचला का, एवढं बघावं, म्हणाले.

म्हाताऱ्या वकिलांनी चष्मा लावला. कागद वाचला. पुन्हा वाचला. त्यांना कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. जन्मभर कोर्टात तेच केलं होतं. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मी नजर काढली नाही. कशासाठी काढायची?

“बरोबर वाचलाय,” ते म्हणाले. “पुढचा.”

तिसरा अम्माचा. अम्माने लांबलचक लिहिलं होतं. पुस्तक थोर आहे की नाही हे तिला ठाऊक नाही. थोर पुस्तकं दुपारी दाणे सोलताना ऐकता येत नाहीत, हे मात्र ठाऊक आहे. शेवटी तिने प्रसंग सांगितला होता: गंधर्व येतो, त्याचा अश्रू तिच्या पायावर पडतो, बोट हलतं, आणि—

“हातावर,” कार्यवाह म्हणाले. “अश्रू हातावर पडतो. पायावर नाही. म्हणून तर करंगळी हलते.”

मी वाचायची थांबले. खाली दुकानात कापड फाडल्याचा आवाज वर आला. अश्रू अगदी शेवटच्या पानावर पडतो.

अध्यक्षांनी तिसरा भाग उचलला, मागचा पुठ्ठा उघडला आणि मोठ्याने वाचलं, “‘दहा पाने चाळली.’” मग त्यांनी पुस्तक मिटलं. पुढे काही विचारलं नाही. गरजच नव्हती. कार्यवाहांचे कान तळ्याकाठच्या प्रसंगाला माझे झाले होते तसे झाले होते. नंतर तिळगूळ वाटताना त्यांची स्वतःची पत्नी अम्माजवळ येऊन म्हणाली, की पुस्तक त्यांच्या घरी तीन आठवडे होतं, आणि तिला ते हात लावू देत नव्हते.

चौथा भाग यादीत गेला.

परत येताना बसमध्ये मी अम्माला विचारलं, की तुला तर सगळं शब्दन् शब्द पाठ असतं, मग तू हाताचा पाय कसा केलास? अम्मा खिडकीबाहेर बघत होती. “सरी,” म्हणाली, “विसरले असेन.” दोड्डम्मा खोकली. अक्काने मांडीवरची एळ्ळु-बेल्लाची पुडी सोडली आणि सगळ्यांच्या हातावर थोडं थोडं घातलं. तिघींपैकी कुणीही माझ्याकडे बघितलं नाही.

पुस्तक आलं उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, सुमारास. आम्हाला मिळालं त्यानंतर आठ दिवसांनी, कारण कार्यवाहांनी आधी ते तपासणीसाठी घरी नेलं. यादीतल्या इतर एकोणीस पुस्तकांची तपासणी झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

अवरेकाळूचे दिवस संपले होते. तिघी चिंचोके काढायला बसल्या आणि मी पहिलं पान वाचलं. ओताऱ्याच्या मुलीचे डोळे उघडतात. समोर गंधर्व, शेजारचे राजे, मागे रडणारी प्रजा. सगळे वाट बघतात की ती आता काय म्हणेल. ती मान वळवून बघते आणि विचारते, भट्टी विझली का?

अम्माने हातातली चिंच खाली ठेवली आणि म्हणाली, “वाच. आता ती आली.”

पुढे अनेक वर्षांनी मंडळ मोठ्या जागेत गेलं. जुनी पुस्तकं काढून टाकायची ठरली आणि मी ते पाच भाग मागून घेतले. त्या वेळचे नवे कार्यवाह म्हणाले, घेऊन जा, असलं आता कोण वाचतं. मी त्यांना बसायला कपाटासमोरची खुर्ची देऊ शकले नाही, एवढीच खंत.

चौथ्या भागाच्या मागच्या पुठ्ठ्यावर तो कागद अजून आहे. पहिली ओळ कार्यवाहांची, कोरीव अक्षरात: “संपूर्ण वाचले. पाचवा हवा.” त्याखाली, अण्णांचा क्रमांक टाकून, शाईने, गोल गोल कन्नड अक्षरांत अम्मा. मंडळातल्या निम्म्या लोकांना ती ओळ कधी वाचता आली नाही, आणि तिने कुणासाठी अक्षरं बदलली नाहीत. ती ओळ अशी आहे: “ठीक लिहिलंय. पाचवा हवा. तिला पुन्हा दगड करू नये. आम्ही वाचतोय.”